बीजिंगचा राजवाडा साडेतीन वर्षांत उभा राहिला, तो कसा?

ओळंबा (धागाकर्ता)

मंडळी, मिंग घराण्यातल्या योंगले सम्राटाने १४०६ साली बीजिंगला नवा राजवाडा बांधायचा हुकूम काढला. मोठं काम सुरू झालं ते १४१७च्या उन्हाळ्यात, आणि १४२०च्या अखेरीस राजवाडा तयार झाला. म्हणजे जेमतेम साडेतीन वर्षं. आवार ७२ हेक्टरांचं, दक्षिणोत्तर ९६१ मीटर, पूर्वपश्चिम ७५३ मीटर, भोवती ५२ मीटर रुंदीचा खंदक.

यावर नेहमीचं उत्तर म्हणजे 'एक लाख कारागीर आणि दहा लाख मजूर'. मला ते अपुरं वाटतं. माणसं दुप्पट लावली म्हणून वीट निम्म्या दिवसांत भाजत नाही आणि डोंगरातला ओंडका लवकर नदीला लागत नाही. उलट एका जागी फार माणसं गोळा केली की त्यांच्या राहण्याजेवणाची सोय हेच एक वेगळं काम होऊन बसतं. माझं म्हणणं असं की राजवाड्याचा वेळ खाणारा भाग १४१७च्या आधी आणि बीजिंगच्या बाहेर उरकला होता. साडेतीन वर्षं लागली ती जुळणीला.

जाणकारांनी एकेक साहित्य धरून लिहावं: लाकूड, वीट, दगड, पाया, मापं. कशाला किती वेळ लागे, कुठे अडे, ते आलं की चित्र आपोआप स्पष्ट होईल.

कुतूहल

विषय झकास. बसायला जागा धरून ठेवतोय.

सागवान

लाकडापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

मोठ्या खांबांना नानमू हे लाकूड लागे. सरळसोट वाढणारं, कीड न लागणारं आणि वाळताना कमी तडकणारं. ते बीजिंगच्या आसपास मिळत नाही. सिच्वान, ग्वेइचौ, हूनान, युन्नान या नैर्ऋत्येकडच्या डोंगरांत मिळतं. हुकूम निघाला त्याच वर्षी सम्राटाने बांधकाम खात्याचे मंत्री सुंग ली यांना सिच्वानला धाडलं आणि बाकी प्रांतांत इतर अधिकारी पाठवले.

कामाची रीत अशी: आधी झाड हेरायचं आणि ते पोकळ नाही ना हे पाहायचं. पाडताना खाली फांद्यांचा थर द्यायचा, नाहीतर एवढं जड खोड आपटून उभं चिरतं. मग ओंडका ओढायला डोंगर फोडून वाट करायची, खोलगट जागी लाकडी मांडव उभारून ती भरून काढायची आणि शेकडो माणसांनी दोर लावून तो ओढ्यापर्यंत न्यायचा. तिथे थांबायचं, कारण एवढा ओंडका तरंगवण्याइतकं पाणी ओढ्याला फक्त पुरात असतं. तो पूर चुकला तर एक वर्ष गेलं. पुढे मोठ्या नदीला लागल्यावर तराफे बांधायचे, यांगत्सेने पूर्वेकडे उतरायचं आणि यांगचौपासून दक्षिणोत्तर जाणाऱ्या मोठ्या कालव्याने उत्तरेकडे वळायचं. झाड पडल्यापासून बीजिंगच्या वखारीत पोचेपर्यंत दोनतीन वर्षं सहज जात, कधी त्याहून जास्त. 'हजार जण डोंगरात शिरतात, पाचशे बाहेर येतात' ही म्हण या कामावरूनच पडली. मजुरांच्या आकड्यांवर बोलताना ती विसरू नये.

मिंगांच्या इतिहासात एक नोंद आहे की काही प्रचंड ओंडके एका रात्रीत आपणहून नदीपर्यंत गेले, म्हणून त्या डोंगराला 'दैवी लाकडाचा डोंगर' असं नाव दिलं. माझ्या मते तो रात्रीत आलेला पूर असावा. बीजिंगमधल्या एका लाकूडवखारीलाही पुढे तेच नाव मिळालं.

नीलमोहोर

सागवान, पण आजच्या राजवाड्यातले खांब नानमूचे नाहीत ना? सर्वोच्च सुसंवादाचा जो मुख्य महाल आहे, ताइहतिएन, त्याचे खांब पाइनचे आहेत असं वाचल्याचं आठवतं.

सागवान

बरोबर. आजचा ताइहतिएन १६९५ ते १६९७ या काळातला, छिंग घराण्यातल्या कांगशी सम्राटाच्या वेळचा. तोवर एवढं जाड नानमू मिळेनासं झालं होतं, म्हणून ईशान्येकडचं पाइन वापरलं. त्यातही अखंड ओंडके पुरेसे जाड नव्हते. मग मधे एक गाभा, त्याभोवती लांब फळ्या बसवायच्या, लोखंडी पट्ट्यांनी आवळायचं, वरून तागाच्या धाग्यांचा आणि तेल-विटांच्या भुकटीचा लेप आणि मग लाख. बाहेरून एकच खांब दिसतो. यात धोका असा की पट्टी सैल झाली किंवा लेपाला चीर पडली की ओल आत शिरते आणि कुजणं बाहेरून कळत नाही.

योंगलेच्या काळचं नानमू बघायचं असेल तर बीजिंगबाहेर त्याच्या समाधीपाशी, छांगलिंगला जावं. तिथल्या महालात ६० खांब आहेत, आणि मधल्या चार खांबांचा व्यास १.१७ मीटर आहे. एकेक अखंड खोड! त्यांना लाख लावलेली नाही, त्यामुळे लाकडाचे तंतू दिसतात.

जललेखा

सागवान यांनी 'कालव्याने उत्तरेकडे वळायचं' हे एका ओळीत उरकलं, पण धाग्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथेच दिसतं.

१४०६ साली कालवा बीजिंगपर्यंत चालू नव्हता. शानतोंग प्रांतातला चढाचा पट्टा गाळाने भरलेला होता. धान्य एकतर समुद्रमार्गे येई, नाहीतर अर्ध्या वाटेवर उतरवून बैलगाड्यांनी. १४११ मध्ये हा पट्टा पुन्हा खोदायचं काम निघालं आणि ते सोपवलं कोणाकडे? त्याच सुंग ली यांच्याकडे, लाकडासाठी गेले होते ते.

अडचण खोदण्याची नव्हती, पाण्याची होती. कालव्याचा सगळ्यात उंच भाग नानवांगला आहे. मिंगांच्या आधीच्या युआन घराण्याच्या काळात वेन नदीचं पाणी याहून सखल जागी आणून सोडलं होतं. ते वरच्या टप्प्यात चढेना आणि होड्या टेकत. पाय यिंग नावाच्या गावकऱ्याने सुचवलं की धरण वरच्या अंगाला, ताइत्सुनला बांधा आणि पाणी चर खणून थेट माथ्यावर आणा. तसं केलं. माथ्यावरून पाणी दोन्हीकडे वाटलं: इतिहासग्रंथात उत्तरेला सहा हिस्से आणि दक्षिणेला चार असं आहे, लोकांच्या तोंडी मात्र सात-तीन आहे. माथ्यापासून उत्तरेकडे लिनछिंगपर्यंत ९० फूट उतार आणि १७ दरवाजे, दक्षिणेकडे ११६ फूट उतार आणि २१ दरवाजे. दरवाजा उघडला की टप्प्यातलं पाणी निघून जातं, म्हणून होड्या साठवून तांडा करून सोडायच्या. एकट्यादुकट्या होडीसाठी दरवाजा उघडला तर मागच्या सगळ्या अडकतात. वाद होत ते याच कारणावरून.

१४१५ साली कालव्याची वाहतूक सुरळीत झाली आणि समुद्रमार्गे धान्य पाठवणं बंद केलं. १४१७ला राजवाड्याचं काम सुरू झालं. या दोन सालांचा संबंध उघड आहे. कालवा होईपर्यंत कुणीही जोतं बांधायला घेतलं नसतं.

पाचखणी

+१. हा सगळा क्रम प्रथमच एका जागी वाचला.

शून्यप्रहर

थोडा विरोध नोंदवतो. १४०६ ते १४१७ ही अकरा वर्षं म्हणजे आखीव तयारी असं चित्र रंगतंय, ते मला पटत नाही. योंगले १४१० आणि १४१४ साली स्वतः मंगोलांवर स्वारीला गेला होता. १४०७ मध्ये राणी शू वारली आणि १४०९ पासून छांगलिंगच्या समाधीचं काम सुरू झालं. त्याच सुमारास आन्नाममध्ये, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होतं आणि चंग ह या दर्यासारंगाच्या आरमारी मोहिमाही चालू होत्या. पैसा आणि माणसं एवढ्या दिशांना ओढली जात असताना राजवाडा रखडला, एवढाच याचा अर्थ. साहित्य साठत गेलं हे खरं, पण ते रखडल्यामुळे.

ओळंबा

शून्यप्रहर, स्वाऱ्यांमुळे पैशाची ओढाताण झाली असणार, त्यात वाद नाही. पण रखडलेल्या कामाची लक्षणं वेगळी असतात: अर्धवट जोती आणि उघड्यावर कुजणारं लाकूड. इथे दिसतात भरलेल्या वखारी, चालू भट्ट्या आणि खोदलेला कालवा. रखडणं असलंच तर ते जुळणीचं होतं, साहित्याचं नव्हे. वेळ खाणारा भाग आधी उरकला होता हे त्यामुळे खोटं ठरत नाही.

वीटभट्टी

विटांचं मी सांगते. राजवाड्यात मुख्यतः दोन प्रकारच्या विटा आहेत.

भिंती आणि तटबंदीच्या विटा प्रामुख्याने शानतोंगमधल्या लिनछिंगच्या. जललेखा यांनी वर लिहिलंय तेच ते, कालव्याकाठचं गाव. उत्तरेकडे धान्य नेणाऱ्या सरकारी होड्यांवर ठरावीक विटा न्यायची सक्ती होती, त्यामुळे वेगळी वाहतूक लागत नसे. विटेवर साल, भट्टी आणि घडवणाऱ्याचं नाव यांचा शिक्का मारत. ही पद्धत योंगलेच्या बापाने नानचिंगच्या, म्हणजे आधीच्या राजधानीच्या, तटाला कसोशीने वापरली: ३५ किलोमीटर तट, आणि विटेवर जिल्ह्याच्या अधिकाऱ्यापासून भट्टीवाल्यापर्यंत नावांची उतरंड. वीट फुटली की कुणाला धरायचं ते विटेवरच लिहिलेलं.

दुसरा प्रकार म्हणजे फरशीची 'सोनवीट'. सोनं त्यात नाही. रंग गर्द करडा, ठोकली तर धातूसारखी वाजते. सूचौजवळच्या लूमू गावच्या भट्ट्यांतून येई. मिंग अधिकारी चांग वनची याने तिची कृती लिहून ठेवली आहे:

माती खणायची, वाहून आणायची, वाळवायची, कुटायची, पुन्हा बारीक करायची, दळायची, चाळायची. मग एकापुढे एक असलेल्या तीन टाक्यांत पाण्यात निवळायची, गाळायची, कौलांवर पसरून पाणी निथळू द्यायचं आणि पायांनी तुडवायची. साच्यातून काढलेली वीट सावलीत आठ महिने. उन्हात ठेवली तर वरची कातडी आधी आकसते आणि गाभा ओला राहतो, मग ती वाकते.

भाजणी १३० दिवसांची. पहिला महिना भुसा आणि गवताचा नुसता धूर, दुसरा महिना फोडलेलं सरपण, तिसरा महिना अख्खे लाकडाचे भारे, शेवटचे ४० दिवस पाइनच्या फांद्या. पहिला महिना घाईने उरकला तर आतल्या ओलीची वाफ होते आणि वीट फुटते. भाजणी झाल्यावर भट्टीचं तोंड बंद करून माथ्यावरून थोडं थोडं पाणी झिरपू द्यायचं. पाण्याची वाफ होते, आत हवा येत नाही आणि मातीतल्या लोहाचा लाल रंग उतरून करडा होतो. माथ्याच्या लिंपणाला चीर गेली तर तेवढ्या भागातल्या विटा लाल होतात, म्हणजे वाया.

मग निवड. भट्टीतली खेप बरी असेल तर तीनपाचांत एक, वाईट असेल तर काही डझनांत एक. हे आकडे चांग वनचीनेच दिलेत. ताइहतिएनच्या फरशीत अशा ४७१८ विटा आहेत, आता हिशेब करा किती घडवल्या असतील. बसवताना कडा एकमेकींशी जुळेपर्यंत घासायच्या आणि शेवटी तुंग झाडाच्या बियांचं तेल पाजायचं.

म्हणजे एक वीट मातीपासून निघायला वर्षाच्या वर. धागाकर्त्यांचं म्हणणं विटेपुरतं तरी मला पूर्ण मान्य आहे.

कुतूहल

निवडीतून बाद झालेल्या विटांचं एक गाव वसलं असेल!

चुनखडी

वीट झाली, आता तिच्यामधलं चिकटवायचं. चिनी चुन्यात शिजवलेल्या चिकट भाताची पेज घालत, हे ऐकीव नाही. जुन्या बांधकामांतल्या चुन्याची रासायनिक तपासणी होऊन ते सिद्ध झालंय. २०१०च्या सुमारास चच्यांग विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचं कारणही दाखवलं. भातातल्या स्टार्चचा अमायलोपेक्टिन हा भाग चुन्याचे स्फटिक मोठे होऊ देत नाही. बारीक, दाट स्फटिक बनतात, त्यामुळे चुना कमी आकसतो आणि पाणी कमी पितो. पण तो भात सगळीकडे नाही. तट, समाध्या, पाया, बंधारे अशा ओलीच्या आणि भाराच्या जागी. साध्या भिंतीला साधा चुना.

आपल्याकडे गडांवर चुन्याची घाणी दिसते, दगडी चाक बैलाने फिरवून चुना मळायची. तिथे भर मळण्यावर आहे, इथे पेजेवर. चुना नीट विझवलेला आणि मुरलेला असावा लागतो हे मात्र दोन्हीकडे सारखं. न विझलेला कण आत राहिला तर तो नंतर फुगतो आणि सांधा उकलतो.

पाचखणी

आता पाया आणि मापं, माझ्या आवडीचा विषय.

मिंगांच्या आधीच्या सुंग घराण्याच्या काळात ली च्ये या अधिकाऱ्याने 'यिंगझाव फाशी' नावाचं सरकारी बांधकामाचं नियमपुस्तक ११०० साली पुरं केलं आणि ११०३ मध्ये ते छापलं गेलं. त्यात पायाची कृती अशी: एक थर माती, एक थर विटाकौलांचे तुकडे आणि दगडाच्या कपच्या. पाच इंच माती टाकून चोपून तीन इंच करायची. तीन इंच तुकडे टाकून चोपून दीड इंच. (चिनी फुटात दहा इंच, आणि सुंग काळचा फूट आपल्या फुटाएवढाच.) धुम्मस दोघांनी समोरासमोर उभं राहून मारायची. पहिल्या फेरीत एका खळग्यात प्रत्येकी तीन ठोके, दुसऱ्या फेरीत दोन, तिसऱ्या फेरीत एक, मग वरून सपाट. बीजिंगच्या राजवाड्याखाली उत्खननात असेच मातीचे आणि विटांच्या तुकड्यांचे आलटून पालटून चोपलेले थर मिळाले आहेत, आणि भुसभुशीत जागी त्याखाली लाकडी खुंट ठोकलेले.

खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडी तळखड्यावर नुसते उभे करतात. त्यामुळे बूड कुजत नाही आणि भूकंपात खांब थोडा सरकून पुन्हा बसू शकतो. पण मोकळा खांब बाहेर झुकण्याची भीती असते, म्हणून नियमपुस्तक सांगतं की दर्शनी बाजूचे खांब आतल्या अंगाला झुकवा: उंचीच्या फुटाला एक शतांश फूट. बाजूच्या भिंतींना त्याहून जरा कमी, हजारांत आठ. शिवाय मधल्या खणापासून कोपऱ्याकडे दर खणाला खांब दोन इंच उंच करत जायचं. सगळी चौकट मधल्या बाजूला रेलते आणि छपराचा भार सांधे आवळून धरतो.

छपराचा बाकही डोळ्यांच्या अंदाजाने नाही. समजा पुढच्या-मागच्या वळचणीच्या आडव्या तुळयांमधलं अंतर १२ मीटर. राजवाड्याला उंची त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ४ मीटर. आढ्यापासून वळचणीपर्यंत सरळ रेषा धरा. वरून पहिली आडवी तुळई त्या रेषेच्या खाली उंचीच्या एक दशांश, ४० सेंटिमीटर उतरवा. आता तिथून वळचणीपर्यंत नवी रेषा धरा आणि दुसरी तुळई २० सेंटिमीटर उतरवा. तिसरी १०. झालं, बाक तयार. आढ्यापाशी चढ जास्त म्हणून पाणी झटकन सुटतं, खाली चढ कमी म्हणून ते भिंतीपासून लांब फेकलं जातं. हे आधी सपाट भिंतीवर एकास दहा प्रमाणात रेखायचं, असंही पुस्तकात आहे.

नीलमोहोर

आणि दोगोंग? त्याशिवाय चिनी वास्तूवर धागा पुरा होणार नाही. खांब आणि छपरामधले ते एकावर एक रचलेले लाकडी हात.

पाचखणी

त्याकडेच येत होतो, कारण मापांचं मूळ तिथे आहे. दोगोंगमधल्या हाताची उंची आणि रुंदी यांचं प्रमाण १५ला १०, म्हणजे तीनास दोन. या हाताचे आठ आकार ठरवलेले: सगळ्यात मोठा ९ इंच उंच ६ इंच रुंद, सगळ्यात लहान ४.५ आणि ३. इमारतीचा दर्जा ठरला की आकार ठरतो, आणि त्या आकाराच्या पटीत तुळया, खांब, सगळं ठरतं. त्यामुळे सुताराला नकाशाची वाट पाहावी लागत नाही. 'अमुक खणांचा महाल, अमुक क्रमांकाचं माप' एवढं कळलं की शंभर ठिकाणी बसून शंभर सुतार सुटे भाग कापू शकतात आणि ते एकमेकांत बसतात. छिंग काळात १७३४च्या नियमपुस्तकाने हीच पद्धत पुढे नेली, पण तिथे माप दोगोंगच्या खाचेच्या रुंदीवरून, एक इंचापासून सहा इंचापर्यंत अर्ध्या अर्ध्या इंचाने ११ पायऱ्या.

शून्यप्रहर

पण दोगोंगचं कौतुक करताना काळ सांगायला हवा. वूथाय पर्वतावरच्या फोग्वांग मंदिराचा पूर्व महाल ८५७ सालचा. तिथे हाताची उंची ३० सेंटिमीटर, दोगोंगची एकूण उंची खांबाच्या निम्मी आणि छप्पर जवळजवळ ४ मीटर बाहेर. ते खरोखर भार पेलतात. ताइहतिएनमध्ये खाचेचं माप जेमतेम ९ सेंटिमीटर. इमारत कितीतरी मोठी आणि दोगोंग बारीक, दाटीने लावलेले. भार मुख्यतः तुळयांनी पेललाय, हे नटवण्यापुरते. मिंग-छिंगची भव्यता मला मान्य आहे, पण रचनेची बुद्धी थांग काळातली जास्त निखळ होती.

सागवान

इथे मी शून्यप्रहरांशी असहमत. मिंगांनी दोगोंग बारीक केले कारण तुळया थेट खांबावर टेकवल्या. सांधे कमी झाले, कापायचं लाकूड कमी झालं आणि जुळणी लवकर व्हायला लागली. भिंती विटांच्या झाल्याने मातीच्या भिंतीला पावसापासून वाचवायला चार मीटर वळचण काढायची गरज उरली नाही. ज्याचं काम संपलं ते बारीक झालं. ओळंबा यांच्या प्रश्नाला हे सोयीचंच आहे.

खतावणी

दगड राहिलाय, आणि त्याची जमाखर्चाची नोंद सगळ्यात बोलकी आहे.

महालांच्या मधल्या जिन्यांत कोरलेल्या अखंड शिळा आहेत. एकाच जोत्यावरच्या तीन मुख्य महालांपैकी पुढचा ताइहतिएन आणि सगळ्यात मागचा पाओहतिएन; या पाओहतिएनच्या मागची शिळा सगळ्यात मोठी: १६.५७ मीटर लांब, ३.०७ रुंद, १.७ जाड, २०० टनांच्या वर. खाण बीजिंगच्या नैर्ऋत्येला फांगशानमध्ये, सुमारे ७० किलोमीटरवर.

१५५७च्या आगीनंतर तीन महाल पुन्हा बांधताना ३० फूट लांब, १० रुंद, ५ जाड अशी एक शिळा आणली, त्याची नोंद आहे. ती हिवाळ्यात लाकडी घसरगाडीवर आणली. दर 'ली'ला, म्हणजे साधारण अर्ध्या किलोमीटरला एक विहीर खणली, त्या पाण्याचा रस्त्यावर बर्फ केला आणि वर ओतत राहिले. माणसं २०,०००, दिवस २८, खर्च १,१०,००० तोळ्यांहून जास्त चांदी. (चिनी तोळा, ३७ ग्रॅमच्या आसपास.) १५९६च्या आगीनंतर मागच्या महालांसाठी 'ह' आडनावाच्या बांधकाम अधिकाऱ्याने घसरगाडी सोडून १६ चाकांचा गाडा करवला आणि १८०० खेचरं जुंपली. २२ दिवस, ७,००० तोळ्यांच्या आत.

जललेखा

खतावणी, घसरगाडीवर काही वर्षांपूर्वी घर्षणाचा अभ्यास झाला होता. शिळा १२३ टनांची धरली होती. कोरड्या जमिनीवर दीड हजारांहून जास्त माणसं लागतील आणि ओल्या बर्फावर पन्नासच्या आत, असा त्यांचा हिशेब. बीजिंगच्या जानेवारीत ओतलेलं पाणी लगेच गोठत नाही, गाडी त्यावरून निघून जाण्यापुरतं ते टिकतं. मग २०,००० माणसं कशाला?

खतावणी

ओढायला नव्हेत. ७० किलोमीटर रस्ता सपाट करणं, सव्वाशे-दीडशे विहिरी खणणं, पाणी वाहणं, पूल पक्के करणं, आणि या सगळ्यांचा स्वयंपाक. आकडा वेठीला धरलेल्या सगळ्यांचा आहे. घसरगाडीचं तंत्र स्वस्त होतं, आजूबाजूची व्यवस्था महाग होती. नोंद लिहिणाऱ्याला स्वतःच्या बाजूची बचत दाखवायची होती हेही ध्यानात ठेवावं. पण चाकाच्या गाड्याला २००हून अधिक टन पेलले नसते. पाओहतिएनची शिळा बर्फावरूनच आली असणार.

मजुरीच्या हिशेबाबद्दलही लिहायला हवं. यिंगझाव फाशीत दिवसाची मजुरी एकच नाही. चौथ्या ते सातव्या महिन्यात दिवस मोठा, दहाव्या ते पहिल्या महिन्यात लहान, बाकीचे मधले. मधल्याला १० धरलं तर मोठ्याला ११ आणि लहानाला ९ इतकं काम अपेक्षित. मिंगांनी कारागिरांची नोंदवही ठेवली: बाहेरगावचे कारागीर धंद्याप्रमाणे एक ते पाच वर्षांतून एकदा तीन महिने राजधानीत येत, राजधानीत राहणारे महिन्याला दहा दिवस काम करत. 'एक लाख कारागीर' हा आकडा असलाच तर असा फिरता आहे, एका दिवशी हजर असलेल्यांचा नाही.

वीटभट्टी

नकाशे कोणी केले? ख्वाय शियांग या सूचौच्या सुताराचं नाव सगळीकडे दिसतं.

शून्यप्रहर

त्याचा जन्म १३९८च्या आसपासचा. १४१७ला तो विशीच्या आतला होता, वडील मुख्य सुतार होते. त्याचं मोठं काम पुढच्या काळातलं, १४४०च्या पुनर्बांधणीचं आणि नंतर तिएनआनमनच्या जागच्या दरवाजाचं. व्हिएतनाममधून लहानपणी आणलेला खोजा ङुयेन आन हा त्याच पुनर्बांधणीचा आणि शहराच्या नऊ वेशींचा मुख्य माणूस. पहिल्या राजवाड्याला एकच वास्तुकार शोधू नये. पाचखणी यांनी लिहिलेली मापांची पद्धत असताना तशी गरजही नव्हती.

नीलमोहोर

थोडं अवांतर. तीन महालांखालचं संगमरवरी जोतं ज्या घाटाचं आहे त्याला चिनीत सुमेरूचं आसन म्हणतात, आणि तो घाट बौद्ध धर्माबरोबर भारतातून गेला. वर कमळाच्या पाकळ्या, मधे आत घेतलेली कंबर, खाली पुन्हा पाकळ्या. आपल्या जुन्या देवळांच्या जोत्याशी त्याचं नातं ओळखू येतं. याच शहरातला कुब्लाई खानाच्या वेळचा पांढरा स्तूप (१२७१ ते १२७९) नेपाळच्या अरनिकोने बांधला.

जललेखा

त्याच जोत्यावर पाणी काढायला ११४२ दगडी ड्रॅगनमुखं आहेत, आणि सगळ्या आवाराला उत्तरेकडून दक्षिणेकडे दोनेक मीटरचा उतार. पावसात तळी साचत नाहीत.

कुतूहल

एवढं सगळं करून १४२१ मध्ये वीज पडून तिन्ही महाल जळाले ना? पाण्याचे मोठमोठे हंडे ठेवले होते म्हणतात.

सागवान

हो, मे १४२१, उद्घाटनानंतर काही महिन्यांतच. हंड्यांचा उपयोग जमिनीलगतच्या आगीला. ३० मीटरवर आढं पेटलं की बादलीने काही होत नाही. थंडीत पाणी गोठू नये म्हणून हंड्यांखाली विस्तव ठेवत. १५५७ आणि १५९७ला तीन महाल पुन्हा जळाले. १६७९ची आग मात्र स्वयंपाकघरातून निघाली आणि महालाला दोन्ही बाजूंनी जोडणाऱ्या लाकडी ओवऱ्यांवरून ताइहतिएनपर्यंत पोचली. म्हणून १६९५ला त्या ओवऱ्या काढून जाड विटांच्या भिंती घातल्या. त्या आजही आहेत. त्याच वेळी लियांग ज्यू या सुताराने आधी एकास दहा प्रमाणात लाकडी नमुना केला आणि त्यावरून मापं घेतली.

ओळंबा

कुतूहल यांनी आगीचं काढलं ते बरं झालं, कारण मूळ प्रश्नाची कसोटी तिथेच लागते. १४२१ला जळालेले महाल जवळजवळ वीस वर्षं तसेच राहिले. १४४०च्या मार्चमध्ये काम सुरू झालं आणि १४४१च्या शरदात तीन महाल आणि मागचे दोन महाल पुरे झाले. दीड वर्ष! माणसं किती, तर नोंदीप्रमाणे कामावर असलेले कारागीर आणि कवायतीचे सैनिक मिळून ७०,०००. जोती शाबूत होती, कालवा चालू होता, भट्ट्या चालू होत्या.

खतावणी

१६९५चंही तसंच. ताइहतिएन १६७९ला जळाला, सोळा वर्षं लाकूड जमवण्यात गेली आणि बांधणी अडीच वर्षांत आटोपली.

शून्यप्रहर

१४४०चा आकडा मला पटला. अकरा वर्षांबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे: मंगोल स्वाऱ्या नसत्या तर कालवा आधी झाला असता. जललेखा, सुंग ली यांच्या कालव्यावर स्वतंत्र धागा काढा. ताइत्सुनच्या धरणाच्या बांधणीबद्दल वाचायचं आहे.

जललेखा

काढते. धरण तीन भागांत आहे आणि पूर चढेल तसा एकेक भाग ओसंडतो, तिथूनच सुरुवात करीन.